लघवी तपासली, जंतू तपासलेच नाहीत

पोस्ट लांब आहे आणि विषय "तसला" आहे. जेवताना मोबाईल बघणाऱ्यांनी नंतर वाचा, पण वाचा. पुरुषांनी तर मुद्दाम वाचा.

सध्या आपल्या हिंगोलीच्या दोन-तीन ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. बाळंतपणाच्या वयातल्या बायकांच्या अंगात म्हणे घातक जंतू असतात, ते बाळाला लागतात, सावध राहा वगैरे. खाली लाल त्रिकोण आणि रडणारं बाळ. त्यावर आलेली उत्तरं बघा. "बायकांनी स्वच्छता पाळली पाहिजे." "आमच्या आईच्या वेळी कुठं होतं असलं काही?" "बाहेरचं खाणं कमी करा." एका शहाण्यानं तर आतून धुवायच्या लिक्विडची लिंकच टाकली, सवलतीच्या कोडसकट.

फॉरवर्ड अर्धवट का होईना, खरा आहे. उत्तरं मात्र वाचून डोकं फिरलं. मी एकोणीस वर्षं लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी हेच माझं पोटापाण्याचं. त्यामुळं जंतू म्हणजे काय आणि तो कुणाच्या चुकीनं कुठं पोचतो, यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. जंतू सगळ्यांच्याच अंगात असतात. तुमच्या, माझ्या, कलेक्टर साहेबांच्या आणि महाराजांच्याही. आतड्यात ई-कोलाय नावाचा जंतू राहतो, तो तिथं असतो तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. बाईच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळं बाकीचे उपद्रवी जंतू दूर राहतात. म्हणजे निसर्गानं पहारेकरी ठेवलेत. आता तुम्ही सुगंधी लिक्विड, साबण, डेटॉल घालून आतून धुवायला गेलात की चोराच्या आधी पहारेकरीच मरतो. जाहिरातवाल्याचं काय जातंय? त्याची बाटली खपते आणि बाईला महिन्याभरात परत वास, परत खाज, परत बाटली.

घोळ सुरू होतो तो जंतू चुकीच्या जागी जाऊन बसला आणि गुपचूप बसला की. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा आहे. ताप नाही, दुखत नाही, जळजळ नाही. बाई शेतात जाते, हळद काढते, भाकरी थापते. आणि तिच्या लघवीत लाखांनी जंतू असतात. डॉक्टरी भाषेत याला लक्षणांशिवायचा जंतुसंसर्ग म्हणतात. एरवी अशा बाईला औषध द्यायचीही गरज नसते, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या माझी पोस्ट दाखवून कुणी गोळ्या आणायला मेडिकलवर जाईल. पण बाई गरोदर असेल तर गणित बदलतं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. गरोदरपणात मूत्रनळ्या सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, त्यामुळं लघवी तुंबून राहते. खाली गुपचूप बसलेला जंतू वर चढतो आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. मग हुडहुडी भरून ताप, कंबर धरणं, आणि सातव्या-आठव्या महिन्यातच कळा.

जगभरच्या पुस्तकांत हा आकडा शंभर गरोदर बायकांत दोन ते दहा असा दिलेला असतो. आणि औषध दिलं नाही तर अशा शंभरातल्या वीस-तीस जणींच्या मूत्रपिंडापर्यंत जंतू जातो, असं जुने अभ्यास सांगतात. आता आपल्या जिल्ह्याचा हिशोब पाटीवर मांडू. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५. हजारी पंधरा जन्म धरले (हा माझा अंदाज, सरकारी आकडा म्हणून कुणी फिरवू नका) तर वर्षाला सतरा-साडेसतरा हजार बाळंतपणं. त्यातल्या दोन टक्के म्हणजे साडेतीनशे बायका. दहा टक्के धरल्या तर सतराशेच्या वर. यातली एकही बाई "मला त्रास होतोय" म्हणून येणार नाही, कारण तिला त्रासच होत नाहीये. तिला शोधायला लागतं.

आणि शोधायची सोय काय आहे? इथं माझं रोजचं दुखणं सुरू होतं.

गरोदर बाईचं कार्ड काढा. ममता कार्ड म्हणा, माता-बाल संरक्षण कार्ड म्हणा. त्यात लघवीच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? अल्ब्युमिन आणि शुगर. बस. पट्टी बुडवली, रंग बघितला, "निल, निल" लिहिलं, संपलं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. चांगली योजना आहे, उगाच नावं ठेवणार नाही. त्या दिवशी डॉक्टर असतात, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं, वजन होतं. आणि लघवी? अल्ब्युमिन, शुगर. घरी जाऊन सासूला सांगायचं, "लघवी तपासली, काही नाही निघालं." अहो, जंतू बघितलेच नाहीत तर निघतील कुठून? ट्रॅक्टरमध्ये डिझेल किती हे बघितलं आणि ब्रेक चांगले आहेत म्हणून सांगितलं, असा प्रकार आहे हा.

जंतू बघायचा तर कल्चर करावं लागतं. यात काही रॉकेट उडवायचं नसतं. पहिली धार सोडून मधल्या धारेतली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची. एका बारीक तारेच्या कडीनं ती प्लेटवर ओढायची. प्लेटमध्ये जंतूंना खायला घालायचं माध्यम असतं. ३७ अंशाला इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवायची. सकाळी बघायचं, वसाहती उगवल्या का, किती उगवल्या. उगवल्या तर त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कुठलं औषध त्या जंतूला मारतं ते दुसऱ्या दिवशी वाचायचं. एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरनं एका मिलिलीटरमध्ये एक लाख जंतू ही रेषा १९५० च्या दशकात आखून दिली. म्हणजे ही विद्या सत्तर वर्षांची जुनी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या गरोदरपणाच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं की गरोदर बाईचं लघवीचं कल्चर करा, जंतू निघाले तर सात दिवसांचं औषध द्या.

आपल्याकडं बहुतेक छोट्या लॅबमध्ये कल्चर होत नाही. माझ्याही नाही. इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, माध्यम, चकत्या ठेवायला फ्रिज, आणि चोवीस तास लाईट. सेनगावच्या लॅबवाल्यानं कुठून आणावं? नमुना नांदेडला किंवा संभाजीनगरला जातो, रिपोर्ट तीन-चार दिवसांनी येतो आणि बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे लागतात. तोवर डॉक्टरनं अंदाजानं गोळी दिलेली असते. डॉक्टरलाही दोष देऊन काय करता, त्याच्यासमोर माझा रिपोर्ट असतो "पस सेल्स ८ ते १०", एवढंच. त्यावरून जंतू कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

डबी देतानाचं दृश्य मी रोज बघते. बाई डबी पदराखाली लपवते. संडास कुठं आहे ते विचारायला तिला लाज वाटते. दारापर्यंत जाते, कडी नसते, परत येते. एका ठिकाणी तर (नाव सांगत नाही) संडासाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडं ते जेवायला गेलेले. "मधल्या धारेतली घ्या" हे वाक्य आम्ही म्हणतो तेव्हा समोर बसलेले चार पुरुष ऐकत असतात. मग ती जी मिळेल ती धार घेऊन येते.

आता मुद्द्यावर येते. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नवीन सरकारी मेडिकल कॉलेजांचं ऑनलाईन उद्घाटन झालं. त्यात आपलं हिंगोली होतं. शंभर जागा. कॉलेज कुणी आणलं यावरून बॅनरची जी लढाई झाली ती आपण सगळ्यांनी बघितली, चौकात उभं राहायला जागा नव्हती. आणलं ना? चांगलं झालं. कुणीही आणलेलं असो, आपल्या लेकरांचं भलं झालं. पण मेडिकल कॉलेज म्हटलं की मायक्रोबायोलॉजी विभाग आलाच, त्याशिवाय कॉलेज चालतच नाही. पोरांना दुसऱ्या वर्षाला तो विषय असतो. म्हणजे प्लेटा लागणार, माध्यम लागणार, इनक्युबेटर लागणार, शिकवणारे प्राध्यापक लागणार. मग माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या प्लेटांवर वाढवायला जंतू आमच्या जिल्ह्यातल्या गरोदर बायकांच्या लघवीतले का नकोत? पोरांचं शिक्षण होईल, बाईचा रिपोर्ट होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे, थुंकीचे नमुने जिल्ह्याला जातातच. त्याच गाडीत बर्फाच्या डब्यात लघवीच्या डब्या ठेवायला काय अडचण आहे? खर्च सांगा मला. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो होतंय, २०२३ मध्ये केंद्रानं त्याला २,६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं धडकली तर त्याचा थरथराट आपल्या तालुक्यात मोजला जाणार. मला त्याचा अभिमान आहे, मी लेकराला जागा दाखवून आणली. पण त्याच तालुक्यातल्या बाईच्या लघवीत जंतू आहेत का, हे मोजायला आपल्याकडं प्लेट नाही, हे सांगताना जीभ अडखळते.

काही डॉक्टर मंडळी इथं येऊन म्हणतील, मॅडम, नेदरलँड्समध्ये २०१५ साली अभ्यास झाला, त्यात औषध न घेतलेल्या बायकांपैकी फार थोड्याच जणींना मूत्रपिंडाचा त्रास झाला. माहीत आहे. वाचलंय. तो अभ्यास कमी जोखमीच्या बायकांवर होता. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ताप आला तर दवाखाना किती किलोमीटरवर आहे हे नेदरलँड्समध्ये कुणाला मोजावं लागत नाही. आणि समजा तुमचंच खरं आहे, आपल्याकडंही धोका कमी आहे. मग ते इथं मोजून सिद्ध करा ना. मोजायचंही नाही आणि धोका कमी आहे असंही म्हणायचं, हे कुठलं शास्त्र?

मोजलं की काय दिसतं हे महाराष्ट्रात एकदा दिसलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. त्यातल्या ४५ टक्के बायका म्हणाल्या, आम्हाला काही त्रास नाही. तपासल्यावर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही निघालं. एकेका बाईला सरासरी साडेतीनच्या वर आजार. त्यात निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आणि याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? शंभरात आठ. तोवर सरकारच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे दोनच कामं होती, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. मधल्या तीस वर्षांत तिच्या अंगात काय चाललंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. राणीताई नुसत्या तपासून थांबल्या नाहीत, बायकांजवळ बसून त्यांच्या शब्दांत ऐकलं, 'कानोसा' हे पुस्तक त्यातूनच आलं. आपल्याकडची बाईही "श्वेतप्रदर" म्हणत नाही. ती म्हणते, "अंगावरून जातंय." "धुपणी आहे." "उन्हाळी लागली." हे शब्द ज्याला कळत नाहीत त्यानं पोर्टलवर कितीही रकाने भरले तरी त्याला बाईचं दुखणं सापडायचं नाही.

हे ऐकलं नाही म्हणून काय झालं ते शेजारच्या बीडला बघा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक आहेत, मुकादमाची उचल आहे, दंड आहे, पाळीच्या दिवसांतली सुट्टी आहे. पण सुरुवात कुठून होते? अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, इथून. ज्या दुखण्याला बऱ्याचदा आठवड्याभराच्या गोळ्या पुरतात, त्याला "कॅन्सर होईल" म्हणून पिशवी काढतात. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरूनही टोळ्या जातात. कोपीत राहायचं, उघड्यावर बसायचं, पहाटे चारला निघायचं, दिवसभर लघवी दाबून धरायची आणि लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. आणि मग ग्रुपवर कुणीतरी एसीत बसून लिहिणार, "बायकांनी स्वच्छता पाळली पाहिजे."

बरं, औषध नाही असंही नाही. सरकारी दवाखान्यात यासाठी रंगीत पाकिटं असतात, फुकट. पांढरं जाणं, खाज, यासाठीचं पाकीट हिरवं. जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली याच कामासाठी असते. किती जणींना माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे त्यातल्या किती जणी, दारावर पाटी वाचून कुणी ओळखीचं बघेल या भीतीनं, पुढं निघून जातात? तिथं बाई डॉक्टर आणि पडदा असेल तर जातील. पडदा म्हणजे खरंच कापडाचा पडदा म्हणतेय मी, त्यात काही रूपक नाही.

आता पुरुषांचा विषय. फॉरवर्डमध्ये बाईला "वाहक" म्हटलंय. योनिमार्गातले जंतू बिघडायचा एक फार कॉमन आजार आहे, औषधानं बरा होतो आणि परत परत येतो. पन्नास वर्षं बाईलाच औषध देत राहिले, तिलाच विचारत राहिले, तू काय केलंस? ऑस्ट्रेलियात एका अभ्यासात नवरा-बायको दोघांनाही औषध दिलं. मार्च २०२५ मध्ये निकाल छापून आला. फक्त बाईला औषध दिलं त्या गटात तीन महिन्यांत ६३ टक्के बायकांना आजार परत झाला. दोघांना दिलं त्या गटात ३५ टक्के. म्हणजे जंतू कुठं मुक्कामाला होता ते समजलं का? डॉक्टरनं नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली की आपल्याकडं काय होतं तेही मला माहीत आहे. "मला काय झालंय? मला काही त्रास नाही." अहो दादा, त्रास नसणं हाच तर या पोस्टचा विषय आहे.

फॉरवर्डमधला बाळाचा भाग राहिला. त्यात ज्या जंतूचं नाव होतं तो ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस. जगातल्या साधारण १५ टक्के गरोदर बायकांच्या अंगात तो असतो, त्यांना काही होत नाही, पण बाळंतपणात बाळाला लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार दरवर्षी जवळपास एक लाख नवजात बाळं त्यानं जातात. अमेरिकेत शेवटच्या महिन्यात प्रत्येकीची तपासणी करतात आणि जंतू असेल तर कळा सुरू झाल्यावर सलाईनमधून पेनिसिलिन देतात. तिथं पहिल्या आठवड्यातला हा आजार ८० टक्क्यांहून जास्त कमी झाला. इंग्लंडमध्ये मात्र सरसकट तपासणी करत नाहीत, जिला धोका जास्त तिलाच औषध देतात. म्हणजे शहाण्या देशांतही एकमत नाही. आपल्याकडं आता मोठ्या शहरांत याचं पॅकेज निघालंय, उद्या हिंगोलीतही येईल. घाबरलेली बाई आणि तिचा नवरा, यांच्यासारखं गिऱ्हाईक नाही.

मी त्या पॅकेजच्या मागं धावू नका म्हणते, कारण आपल्या देशातली बाळं कुठल्या जंतूंनी जातात तेही मोजून झालंय. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या रक्तातले जंतू तपासले. पहिला नंबर असिनेटोबॅक्टरचा, २२ टक्के. मग क्लेबसिएला १७, ई-कोलाय १४. असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के जंतू अनेक औषधांना दाद न देणारे. हे जंतू दवाखान्यात राहतात. नळाच्या तोटीवर, सक्शनच्या नळीवर, ट्रॉलीच्या कडेला आणि हातांवर. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरनं बघितलं की डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरतात आणि सुइणींच्या वॉर्डात कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला यायचे. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. शंभरातल्या अठरा मरत होत्या, त्या दोनवर आल्या. आणि डॉक्टर मंडळींनी त्याचं ऐकलं? छे. आमचे हात घाण म्हणतोस? वाहक बाई असते हे मान्य करणं सगळ्यांनाच सोपं जातं.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ ची ती रात्र कुणी विसरलं नसेल. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. हिंगोलीतून, परभणीतून, यवतमाळकडून पाठवलेली लेकरं तिथंच जातात. ती बाळं जंतूंमुळंच गेली असं मी म्हणत नाही. मी फक्त नंतर काय झालं ते आठवून देते. आपल्या जिल्ह्याचे तेव्हाचे खासदार कॅमेरे घेऊन गेले आणि अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून संडास धुवून घेतला. व्हिडिओ देशभर फिरला, गुन्हा दाखल झाला, आठ दिवस चर्चा झाली. त्या आठ दिवसांत नवजात कक्षातल्या बेसिनवर कुठला जंतू वाढतोय, कल्चर केलंय का, रिपोर्ट कुठं आहे, हे विचारणारा एकही माईक मला दिसला नाही. संडास टीव्हीवर दिसतो. असिनेटोबॅक्टर दिसत नाही.

आणि तो जंतू इतका निर्ढावला कसा, याला मात्र आपण सगळे जबाबदार आहोत. उन्हाळी लागली की मेडिकलवर जाऊन "दोन गोळ्या द्या" म्हणायचं. दोन खाल्ल्या, बरं वाटलं, उरलेल्या जावेला. २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायला आणि नोंद न ठेवता विकायला बंदी आहे. कुठल्या दुकानात ती वही भरतात, दाखवा मला, मी पेढे वाटते. अर्धवट गोळ्यांनी मेलेले जंतू मेले, उरले ते पैलवान. तेच आतड्यात घर करतात आणि पुढच्या बाळंतपणात तेच मूत्रमार्गात येतात. (आणि हो, आपण हळदीच्या जिल्ह्यात राहतो, तरी हळदीचं दूध पिऊन मूत्रपिंडातला ई-कोलाय जात नाही. वसमतच्या हळदीला माझा मानाचा मुजरा.)

निराशेचंच सगळं नाही. कळा सुरू झाल्यावर अझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला तर बाळंतिणीच्या जंतुदोषाचं प्रमाण तिसऱ्या हिश्शानं कमी होतं, हे २०२३ मध्ये सात देशांतल्या २९ हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासातून समोर आलं. त्या अभ्यासात आपलं नागपूर होतं आणि बेळगावही होतं. बाळांचे मृत्यू मात्र त्यानं कमी झाले नाहीत, आणि सरसकट दिलं तर जंतू आणखी निर्ढावतील का ही भीती आहेच. पण जगाला उत्तर द्यायला नागपूर-बेळगावच्या बायका चालतात, तर हिंगोलीच्या बायकांना स्वतःच्या लघवीचा रिपोर्ट का मिळू नये?

मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक गरोदर बाईचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदा लघवीचं कल्चर, मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये, फुकट. निघालेल्या जंतूंची आणि कुठलं औषध लागू पडतंय त्याची यादी दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला, म्हणजे तो अंदाजानं गोळी देणार नाही. प्रसूतीगृह आणि नवजात कक्षाचे नमुने दर महिन्याला, रिपोर्ट भिंतीवर. आणि जिथं लघवीची डबी देता तिथं कडी असलेला, पाणी असलेला संडास. "लाडकी बहीण"चे दीड हजार येतात, माझ्याही ओळखीतल्या कितीतरी जणींना येतात, त्यांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्या पैशातनं तिनं संभाजीनगरला नमुना पाठवायचा का, एवढंच विचारते.

निवेदन तयार आहे. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता, तिघांनाही देणार आहोत. सही करायची असेल तर मेसेज करा. आशाताई, तुम्ही सही केली नाही तरी चालेल, तुमच्या मागं कोण कोण लागेल ते माहीत आहे, पण कुठल्या केंद्रात संडासाला कुलूप आहे तेवढं कानात सांगा.

आणि येत्या ९ तारखेला ज्यांच्या घरातली सून, लेक, बहीण तपासणीला जाणार आहे, त्यांनी सोबत जा आणि काउंटरवर एवढंच विचारा, "लघवीचं कल्चर होतं का इथं?" काय उत्तर मिळालं ते केंद्राच्या नावासकट खाली लिहा. बाईचं नाव लिहू नका.